जिप्सी दीड इंच उचलताना

गाडीला लिफ्ट करायची, म्हणजे तिची चासी आणि बॉडी आणखी उंच करायची, म्हटल्यावर भेटेल त्याने पहिला प्रश्न एकच विचारला: किती इंच? दोन करा, तीन करा, चार केली तर रुबाब येतो. जणू मी पँट शिवायला टाकत होतो. गाडीचं वजन पुढे किती, मागे किती, हे एकानेही विचारलं नाही. कमानपाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग, म्हणजेच कमान) निवडायचे तर सगळ्यात आधी तोच आकडा लागतो. कमानीवर वजन पडल्यावर जी उरते ती उंची. वजन माहीत नसताना इंच ठरवणारा माणूस अंदाजपंचे बोलतोय, एवढं धरून चाला.

गाडी 2006 ची जिप्सी किंग, हार्डटॉप. मारुतीने जिप्सी आणली 1985 मध्ये, 1.3 लिटर इंजिनाची किंग आली 1996 मध्ये, आणि 2019 मध्ये गाडी बंद झाली. इतक्या वर्षांत बुडाखालची मांडणी काही बदलली नाही: मजबूत चासी, पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल आणि चारही चाकांना पाटे. रिकामी गाडी टनभराची. मागच्या बाकावर बसून कोल्हापूर ते गगनबावडा गेलेला माणूस परतीला एसटीने येतो, असं आमच्या घरात म्हणतात.

माझ्या हातात आली तेव्हा गाडी आधीच 'लिफ्ट केलेली' होती. आधीच्या मालकाने स्वस्तातले दोन्ही उपाय एकाच गाडीवर करून ठेवले होते. मागच्या कमानीत एक जादा जाड पाटा आणि पुढे दोन इंच लांब शॅकल (कमानीचं एक टोक चासीला जोडणारी हलती कडी). गाडी दिसायला उंच. पण मोकळ्या हायवेवर ऐंशीला स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून ठेवावं लागायचं, आणि वळणावरून बाहेर पडताना ते आपोआप सरळ यायचंच नाही. मागचा भाग प्रत्येक खड्ड्यात उडायचा. म्हणजे मला लिफ्ट नव्याने करायची नव्हतीच. झालेली लिफ्ट उतरवून नीट करायची होती.

गाडीचं काम काय, ते सांगतो. गगनबावड्याच्या बाजूला आमचं घर आणि थोडी शेती आहे. डांबरी संपल्यावरची वाट जांभ्याच्या दगडांची, मध्ये एक ओढा, आणि त्यापुढे ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या. ट्रॅक्टरची चाकं मोठी, त्यामुळे दोन चाकोऱ्यांमधला उंचवटा जिप्सीच्या पोटाला लागतो. पावसाळ्यात त्याचा चिखल होतो, दिवाळीनंतर तोच वाळून विटेसारखा होतो.

निवडीची सुरुवात मी कॅटलॉगपासून केली नाही. गाडी गॅरेजमधल्या खड्ड्यावर चढवली आणि बॅटरी घेऊन खाली शिरलो. कुठे काय घासलंय ते पत्रा सांगतोच. ट्रान्सफर केसखालची (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या गिअरच्या डब्याखालची) पट्टी चकचकीत झालेली, म्हणजे उंचवटा तिथे लागतो. पुढच्या बंपरची खालची कड चेपलेली, म्हणजे ओढ्यातून चढताना नाक टेकतं. आणि तिसरी जागा म्हणजे कमान आणि चाकांचा दांडा एकत्र आवळणाऱ्या यू-बोल्टच्या खालच्या प्लेटा. जिप्सीत कमान अ‍ॅक्सलच्या खालून जाते, त्यामुळे त्या प्लेटा आणि बोल्टची टोकं दगडांच्या तोंडीच लटकत असतात. त्यांचे आटे तर पार मेले होते.

या तिन्हींपैकी पहिल्या दोघांना लिफ्टचा उपयोग आहे, तिसऱ्याला अजिबात नाही. अखंड अ‍ॅक्सलच्या गाडीत कमान कितीही उंच करा, वर जाते ती चासी आणि बॉडी. अ‍ॅक्सल, डिफरेन्शियल आणि त्या प्लेटा टायरच्या त्रिज्येने ठरलेल्या उंचीवरच राहतात. त्या उचलायच्या तर टायर मोठा हवा. कंपनीचा 205/70 आर15 साधारण 668 मिलीमीटर उंचीचा. मी 215/75 आर15 घ्यायचं ठरवलं, तो 703 च्या आसपास. फरक पस्तीसचा, पण डिफरेन्शियल वर जाणार त्याच्या निम्मं, सतरा-अठरा मिलीमीटर. ऐकायला काहीच नाही. जांभ्याच्या वाटेवर मात्र बरंच असतं. (स्पीडोमीटर मग पाच टक्के कमी दाखवतो. काट्यावर साठ म्हणजे खरे त्रेसष्ट.) आता या टायरला मडगार्डच्या आत पूर्ण हलायला जागा हवी आणि पोटाला आणखी थोडी हवा हवी, एवढाच लिफ्टचा हिशेब. चाळीसच्या आसपास मिलीमीटर पुरेसे होते. चार इंचांचा रुबाब तिथेच गळून पडला.

मग वजन. गावाबाहेरच्या उसाच्या वजनकाट्यावर गाडी नेली. हंगाम नव्हता, काटेवाले काका निवांत होते. "उसाशिवाय नुसती गाडी काटा करायला आलेले तुम्ही पहिलेच बघा," म्हणाले, पण मला हवं तसं करू दिलं. आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. टाकी भरलेली, मी आत, हत्यारांची पेटी मागे. एकूण 1190 किलो. पुढे 620, मागे 570. असा काटा दहा किलोच्या टप्प्याने बोलतो, त्यामुळे थोडं इकडेतिकडे धरायचं. पुढच्या 620 मध्ये स्टीलचा बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र) यांचे सत्तरेक किलो होते, आणि हे ओझं अ‍ॅक्सलच्याही पुढे लटकत असल्याने पुढच्या कमानींना सत्तरापेक्षा जास्तच वाटतं. अ‍ॅक्सल आणि चाकांचं वजन कमानीवर येत नाही. ते अंदाजे एकशेवीस वजा केले की पुढच्या प्रत्येक कमानीवर अडीचशे, मागच्या प्रत्येकीवर सव्वादोनशे किलो. घरची सगळी माणसं आणि भाताची दोन पोती टाकली की मागची तीनशेच्या वर जाते.

खरी गंमत पुढच्या प्रयोगात आली. कमान किती कडक आहे हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही, सिमेंटची चार पोती लागतात. पोतं पन्नास किलोचं असतं हे छापलेलंच आहे. मागच्या अ‍ॅक्सलच्या बरोबर वर चार पोती ठेवायची, म्हणजे एकेका कमानीवर शंभर किलो. आधी आणि नंतर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजायचं. एक काळजी घ्यायची: पोती ठेवली की लगेच टेप लावायचा नाही. पाट्यांमध्ये घर्षण असतं, गंजलेल्या पाट्यांत तर फारच. गाडी अर्धवट खाली येऊन अडकून बसते. ती पुढे-मागे ढकलायची, मागून दाबून हलवायची, आणि स्थिरावली की मग मोजायचं. तीच रीत पोती उतरवल्यावर.

जादा पाट्यासकट गाडी 31 मिलीमीटर बसली. शंभर किलोला 31, म्हणजे एका मिलीमीटरला सव्वातीन किलोच्या जरा आत. मग तो जादा पाटा काढला, बाकीचे पाटे ब्रशने घासले आणि पुन्हा तेच केलं. आता गाडी 42 बसली, म्हणजे मिलीमीटरला 2.4 किलो. एका पाट्याने आणि गंजाने कमान तिसऱ्या हिश्श्याने कडक केली होती. पाटा काढल्यावर उंचीही गेली, कारण मूळचे पाटे थकून जवळजवळ सपाट झाले होते. म्हणजे दुखणं बसलेल्या पाट्यांचं होतं आणि आधीच्या मालकाला औषध मिळालं ते कडकपणाचं. पुढच्या कमानीचं असं मोजमाप जमलं नाही. बॉनेटवर सिमेंटची पोती ठेवायची माझी तयारी नव्हती.

पर्याय तसे बरेच होते. लांब शॅकल कसं असतं हे मी चालवूनच पाहिलं होतं. शॅकल दोन इंच वाढवा, उंची मिळते एक इंच, कारण कमानीचं एकच टोक खाली जातं. जिप्सीत पुढच्या कमानीचं शॅकल गाडीच्या नाकाच्या बाजूला असतं; ते टोक खाली गेलं की कमान पुढे झुकते आणि तिच्यावर बांधलेला अ‍ॅक्सलही पुढे झुकतो. चाक ज्या खिळीभोवती वळतं तिचं वरचं टोक थोडं मागे कललेलं असावं लागतं, त्याला कॅस्टर म्हणतात. स्टिअरिंग आपोआप सरळ येतं ते त्याच्या जोरावर. हजारेक मिलीमीटरच्या कमानीचं टोक पन्नासने खाली आलं तर झुकाव जवळपास तीन अंशांचा. गाडीत कॅस्टर मुळात तीन-साडेतीन अंशच असतो, उरणार काय? स्टिअरिंग भरकटायचं कारण हेच होतं.

अ‍ॅक्सलच्या वर कमान बसवणं हा जिप्सीवाल्यांचा लाडका उद्योग. त्याने पाचेक इंच उंची मिळते आणि त्या घासणाऱ्या प्लेटाही वर जातात, हे खरं. पण मग स्टिअरिंगचे रॉड, ब्रेकच्या नळ्या, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचे सांधे), सगळंच नव्याने जुळवावं लागतं, अ‍ॅक्सलवर वेल्डिंग येतं, आणि उंच, अरुंद गाडी घाटात आणखी झुलते. माझ्या चाळीस मिलीमीटरसाठी हे काम म्हणजे भलतंच. बॉडी आणि चासीच्या मध्ये नायलॉनचे ठोकळे घालणारेही भेटले. त्याने टायरला जागा होते, पण पोट तिथेच राहतं. ओल्ड मॅन इमूसारख्या ऑस्ट्रेलियन नावांचे तयार संच मनात भरले होते. पण आयात कर धरून जो आकडा समोर आला त्यात माझ्या कमानी, शॉकअप आणि चार टायर सगळंच निघत होतं. शिवाय तिथला माणूस गाडीवर काय लादतो आणि मी काय लादतो यात फरक आहे.

राहिला शेवटचा मार्ग: कमानवाल्याकडून नवे पाटे बांधून घेणं. कोल्हापुरात त्याची वाण नाही. ट्रक, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, वडाप, सगळ्यांचे पाटे इथेच तुटतात आणि इथेच जुळतात. ज्या मामांकडे गेलो त्यांचं आयुष्य ट्रकच्या कमानींत गेलेलं. जिप्सीचे पाटे हातात घेऊन म्हणाले, "ह्ये तर खेळण्यातलं हाय. ह्येला जाड पाटं टाकतो, आयुष्यभर बसायचं न्हाई."

इथे माझी आणि मामांची खरी चर्चा झाली, आणि ती मला अजूनही सगळ्या कामातली सगळ्यात मोलाची वाटते. पाटा किती जाड यावर त्याचा कडकपणा घनाच्या हिशेबाने वाढतो. पाच मिलीमीटरचा पाटा सहाचा केला की तो दीडपट नव्हे, पावणेदोनपटीच्या जवळ जातो. म्हणजे पाच मिलीमीटरचे सात पाटे आणि सहा मिलीमीटरचे चार पाटे जवळपास सारखेच कडक. मग चारच घ्या की, काम कमी. पण तेवढंच वाकताना जाड पाट्यावर ताण जास्त येतो. पातळ पाटा तेवढंच वाकतो आणि कमी शिणतो. ज्या गाडीचं एक चाक दगडावर आणि दुसरं खड्ड्यात असणार तिथे पातळ आणि जास्त पाटे बरे. त्याची किंमत म्हणजे घर्षण वाढतं. ते कमी करायला पाट्यांच्या टोकांखाली नायलॉनच्या चकत्या घालायच्या आणि टोकं घासून गोल करायची. मामांनी कागदावर काही लिहिलं नाही. ते फक्त म्हणाले, "म्हंजे ट्रकच्या उलटं करायचं. करू की." आणि दोन बोटांत पाटा धरून टोकाला कुठवर घासायचं ते खडूने आखलं.

दुसरा मुद्दा मेन पाट्याच्या, म्हणजे टोकांना बोल्टसाठी वळवलेले डोळे असलेल्या सगळ्यात लांब पाट्याच्या, लांबीचा. जास्त वाक दिलेली कमान बसवली की तिचे दोन्ही डोळे एकमेकांच्या जवळ येतात, आणि त्यामुळे शॅकल आत ओढलं जातं. शॅकल उभं झालं की कमानीला लांब व्हायला जागा मिळत नाही आणि नवी कोरी कमान विनाकारण कडक लागते. हजार मिलीमीटरच्या कमानीत, गाडी उभी असतानाचा वाक तीसवरून पंचाहत्तरवर न्यायचा असेल तर मेन पाटा साधारण बारा मिलीमीटरने लांब लागतो. बारा मिलीमीटर म्हणजे बोटाची रुंदीही नाही, पण तेवढ्याने शॅकलचा कोन मूळचा राहतो. सगळे पाटे एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचं भोक मात्र स्थिर टोकापासून अशा मापाने पाडायचं की अ‍ॅक्सल पुढे-मागे सरकणार नाही. हे सगळं मामा दोरीने मोजत होते: एका डोळ्याच्या मध्यापासून दुसऱ्या डोळ्याच्या मध्यापर्यंत दोरी ताणायची आणि मध्ये पाट्यापर्यंतची खोली पट्टीने घ्यायची. मी मोबाइलवर आकडेमोड करून जे सांगितलं त्यात आणि त्यांच्या दोरीत दोन-तीन मिलीमीटरचा फरक आला. त्यांची दोरी धरली.

जुन्या पाट्यांना पुन्हा वाक देऊन घेण्याचाही विषय निघाला. गार पाट्याला ठोकून वाक देता येतो, पण तो टिकत नाही. गरम करून द्यायचा तर नंतर तेलात विझवून पुन्हा थोडं तापवून पाणी उतरवावं (ठिसूळपणा कमी करावा) लागतो, नाहीतर पाटा मऊ तरी राहतो किंवा काचेसारखा तुटतो. नव्या स्प्रिंग स्टीलच्या पट्ट्या घेऊन, भट्टीत रीतसर करून घेणं सरळ पडलं.

कडकपणा किती ठेवायचा? मागे 2.4 वरून 2.8 च्या आसपास, म्हणजे साधारण सहाव्या हिश्श्याने जास्त. भाताची पोती आणि माणसं धरून एवढं पुरतं. पुढे विंचमुळे थोडं जास्त. यापुढे जायला मी नकार दिला, कारण आठवड्यातले बहुतेक दिवस गाडीत मी एकटाच असतो आणि रिकाम्या गाडीला भरलेल्या गाडीची कमान म्हणजे पुन्हा जुनंच उडणं.

कमानी बसवल्या. शॅकल कंपनीच्या मापाचे परत आले, बुश नवे, यू-बोल्ट नवे. ताणलेला यू-बोल्ट पुन्हा वापरू नये, हे मामांनी न विचारता सांगितलं. शॅकलचे बोल्ट गाडी घोडीवर असताना आवळले नाहीत. चाकं जमिनीवर टेकवून, वजन पडल्यावर आवळले. लटकत्या स्थितीत आवळलं तर रबराचा बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. गाडी जिथल्या तिथे 45 मिलीमीटर वर आली.

शॉकअप अजून घेतलेच नव्हते. यावरून मला बरेच जण हसले, कारण संच म्हटलं की दोन्ही एकदम येतात. पण शॉकअप गाडी उचलत नाही. तो वजन पेलत नाही. तो कमानीची उसळी आवरतो, एवढंच. आणि तो किती लांब हवा हे कमान बसल्याशिवाय मोजता येत नाही. जुने शॉक लावून गाडी गावातल्या गावात सावकाश चालवली आणि एका रविवारी मोजायला घेतली.

रीत अशी. चारही शॉक काढायचे. एक पुढचं चाक आणि तिरप्या कोपऱ्यातलं मागचं चाक उंच दगडावर चढवायचं, म्हणजे एका बाजूची कमान पूर्ण दबते, दुसऱ्या बाजूची पूर्ण लोंबते. मग शॉकच्या वरच्या आणि खालच्या बोल्टमधलं अंतर टेपने घ्यायचं. माझा धाकटा भाऊ खाली आडवा पडून आकडे ओरडत होता, मी मडगार्डवर खडूने लिहीत होतो. पुढे: पूर्ण दबल्यावर, बंपस्टॉपचा रबरी गुटका चेपलेला धरून, 315 मिलीमीटर, सपाटीवर उभी असताना 395, पूर्ण लोंबल्यावर 490. म्हणजे मला असा शॉक हवा की जो मिटल्यावर 315 पेक्षा थोडा छोटा होईल आणि उघडल्यावर 490 पेक्षा थोडा मोठा. दोन्हीकडे दहाएक मिलीमीटर हातचे ठेवले.

दुकानात 'लिफ्टचे शॉक' म्हणून जे समोर आले ते उघडल्यावर 570 चे. लांब म्हणजे चांगला, असं दुकानदाराचं म्हणणं. पण लांब शॉक मिटतोही लांबच: त्याचा मिटलेला आकडा 340 होता. माझी कमान 315 पर्यंत दबते, म्हणजे गुटका लागायच्या पंचवीस मिलीमीटर आधीच शॉक तळाला बसणार. मग सगळा दणका शॉकच्या दांड्यावर आणि चासीवरच्या ब्रॅकेटवर. ब्रॅकेट तुटलेल्या जिप्स्या मी पाहिल्यात, कारण बहुतेक वेळा हेच. उपाय म्हणून जाड गुटका लावता येतो, पण मग कमान दबायची जागाच खाऊन टाकली, आणि वर उचललेली गाडी पुन्हा दणके देणार. दुकानदाराने मिटलेला आकडा पहिल्यांदा शोधला तो माझ्यामुळे, असं मला वाटतं. शेवटी 305 ते 500 चा पुढचा शॉक मिळाला; मागचाही असाच मोजून.

शॉक मोनोट्यूब (एका नळीचा) की ट्विनट्यूब (नळीत नळी असलेला), यावर लोक तासन् तास बोलतात. मोनोट्यूब गरम कमी होतो, तेलाला फेस येत नाही, खरं आहे. पण त्यात दट्ट्याखाली वायूचा वेगळा कप्पा असतो, त्यामुळे तेवढ्याच चालीसाठी तो मिटल्यावर लांब राहतो. माझ्याकडे जागेचीच टंचाई. शिवाय त्याची बाहेरची नळी हाच दट्ट्याचा सिलिंडर. तिला दगडाने पोचा पडला की खेळ संपला. तापण्याची भीती लांबच लांब खडबडीत रस्त्यांवर वेगाने जाणाऱ्यांना असते. आमच्या वाटेवर ताशी दहा-पंधराच्या वर जायची सोयच नाही. नायट्रोजन भरलेला ट्विनट्यूब घेतला आणि विषय मिटवला.

किती कडक, हा प्रश्न मात्र टाळता येत नाही. बाजारात मिळणारे बरेच दमदार शॉक थार, बोलेरो, स्कॉर्पिओ डोळ्यांसमोर ठेवून बनतात. टनभराच्या जिप्सीला ते जड पडतात. कमान कडक केली म्हणून शॉकही तेवढाच कडक लागतो, असंही नाही. हिशेब वर्गमुळाचा आहे: वजन तेच ठेवून कमान वीस टक्क्यांनी कडक केली तर शॉक साधारण दहा टक्क्यांनीच कडक लागतो. त्यात पाट्यांचं आपसातलं घर्षण थोडं काम फुकटात करतंच. म्हणून दबताना मऊ आणि परत उघडताना जरा घट्ट, असा मधला शॉक मागितला. दुकानात हाताने दाबून 'बघा किती टाईट' म्हणतात, त्यावर जाऊ नये. शॉक वेगाप्रमाणे कडक होतो आणि हाताला खड्ड्याचा वेग नसतो.

मग बारीकसारीक. चाक पूर्ण लोंबलेलं असताना स्टिअरिंग दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवून ब्रेकची रबरी नळी ताणते का पाहिलं. अंगठ्याएवढी ढील उरली, ठीक. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस एवढ्या उंचीला कुरकुरले नाहीत. अलाइनमेंटला मामांनी लोखंडी पाचर काढून ठेवली होती, कॅस्टर कमी आला तर अ‍ॅक्सल आणि कमानीच्या मध्ये घालायला. लागली नाही. लांब शॅकल गेल्यावर कॅस्टर तीन अंशांपर्यंत परत आला आणि हायवेवर आता एक हात खिडकीत ठेवता येतो. हेडलाइट खाली वळवले. हे लोक विसरतात आणि समोरच्याच्या शिव्या खातात.

कायद्याचं थोडं. मोटार वाहन अधिनियमाचं कलम 52 गाडी कंपनीने दिलेल्या मूळ नोंदीपेक्षा वेगळी करण्याला आडकाठी करतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे स्पष्ट सांगितलं आहे. 2019 च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजारांचा दंड आणि कैदेचीही तरतूद केली. मी चासीला वेल्डिंग किंवा कापाकापी केली नाही, सगळं मूळ जागांवर बोल्टने बसतं. पण म्हणून त्याला परवानगी मिळाली असं होत नाही. आपापल्या आरटीओत आणि विमा कंपनीत आधी विचारा, शक्यतो लेखी.

पहिल्या काही शे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळले, प्रत्येक नट थोडा फिरलाच. पावसाळा उलटेपर्यंत कमानी बसून 45 चे 38 झाले, म्हणजे दीड इंच. नव्या पाट्यांचं हे होतंच, ते धरूनच वाक दिला होता. चाकोऱ्यांमधल्या उंचवट्याला ट्रान्सफर केसची पट्टी आता क्वचित टेकते. यू-बोल्टच्या प्लेटा अजून घासतात, कारण त्या कुठे गेल्याच नाहीत. त्यांच्या बोल्टची टोकं नटाच्या बरोबरीने कापून घेतली.

एक गोष्ट राहिली आहे. मागची उजवी बाजू डावीपेक्षा आठ मिलीमीटर खाली आहे. मामा म्हणतात, "उजवीकडं एक पातळ पाटा सरकवू, कोणाला कळतंय?" मला आधी हत्यारांची पेटी डावीकडे हलवून आणि पुन्हा काट्यावर जाऊन बघायचं आहे. ऊस सुरू झाला आहे, त्यामुळे काटेवाले काका सध्या फोन उचलत नाहीत.